जसंच्या तसं

प्रिय मिलाग्रोस,

तुझी आई ठणठणीत आहे. रविवारी चर्चहून येताना तिच्यासाठी बॅचॉयचं गरम सूप घेऊन गेले, तर पहिला घोट घेते न घेते तोच म्हणाली, मीठ कमी आहे आणि ग्लेंडा, तू वाळलीस. मग तुझं कोरियाहून आलेलं पत्र मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. नवरा प्रेमळ, सासू मायाळू, बर्फ सुंदर. ती डोळे मिटून ऐकत होती.

मी आहे त्याच खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसून तिकडच्या मुलांना इंग्रजी शिकवतेय. वर्ग चालू असताना कंपनीला जराही आवाज चालत नाही, म्हणून खिडकी बंद, पंखा बंद, दाराला गादी टेकवलेली. घरातली माणसं चोरासारखी वावरतात. शेजारच्या मानोंग एस्तोयचा झुंजीचा कोंबडा मात्र कुणाच्या बापाला भीत नाही. तो आरवला की माझे गुण कापतात. मानोंगला विनवलं तर म्हणतो कसा, पोरी, तो कुठे नोकरी करतो, त्याला कशाला गप्प बसवू? आणि कितीही घाम फुटला तरी हसत राहायचं. प्रशिक्षणात आरशासमोर हसण्याचा सराव करताना आपण दोघी किती लोळायचो! आता गाल दुखतात.

तुला हारिनबद्दल सांगायचंय. नऊ वर्षांची आहे. शाळेच्या आधी माझा एक तास, जेवणानंतर दुसरा, मध्ये गणित, पियानो आणि देव जाणे काय काय. शेजारी आई बसते. तिला इंग्रजी येत नाही, ती नुसते आमचे चेहरे बघते. मी हसते म्हणून हारिन हसते, आणि ती हसते म्हणून आई खूश. एकदा हारिन तशीच हसत हसत मला म्हणाली, टीचर, माझं पोट रोज दुखतं. हे मी सांगितलं असं कळू देऊ नका, पण आईला सांगा. आणि मी गं, दात दाखवत बसले.

पालकांशी थेट बोलायची आम्हाला मनाई. म्हणून तासानंतरच्या शेऱ्यात लिहिलं, मुलगी थकते, पेंगते, एक तास कमी करा. शेरा तुमच्या सोलच्या ऑफिसात गेला, तिथे त्याचं कोरियन झालं, आणि पुढच्याच आठवड्यात तिचा तिसरा तास लागला. मला वाटलं, मीच नीट लिहिलं नसेल. पुन्हा लिहिलं, अगदी सरळ शब्दांत. तर शनिवारचाही तास लागला.

परवा आईने हौसेने घरी आलेला तो कोरियन शेरा हारिनला इंग्रजी करून मला वाचून दाखवायला लावला. पोरगी अडखळत वाचत होती, हारिन सकाळच्या उन्हासारखी टवटवीत असते, तिला अजून खूप शिकायचंय. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून तिने विचारलं, टीचर, हे तुम्ही लिहिलंत? तासाचं रेकॉर्डिंग चालू होतं, आई बघत होती. मी हसले. तेव्हापासून ती मला काहीच सांगत नाही. काही विचारलं की पुस्तकातलं उत्तर देते, मी मजेत आहे.

सकाळच्या उन्हासारखी टवटवीत! शाळेत सिस्टर बेनिग्नाला तापाच्या रजेचा अर्ज केलास तेव्हाही तू लिहिलं होतंस, उद्या मी अशीच टवटवीत होऊन येईन. सिस्टर म्हणाली, मग आजच ये. तुझा हात मी कुठेही ओळखीन, मिला.

तुझ्यावर मी रागावले होते, नाही म्हणत नाही. पण पालक नाराज झाले की आधी तुमच्यावर येतं, हेही मला कळतं. तुझ्या आईची औषधं तुझ्या पगारावर चालतात आणि ती दुकानातून मीच आणते. माझी चूलही याच खोलीवर पेटते. तू तिथे अडकलीस, मी इथे.

कंपनीच्या नजरेला पडू नये म्हणून हे पत्र तिकडे येणाऱ्या चुलतबहिणीच्या हाती पाठवतेय. तुझ्यासमोर भाषांतराला येणारा माझा शेरा आता रोज एकच असेल: मुलीचं पोट रोज दुखतंय, तिला डॉक्टरकडे न्या, तास कमी करा. एवढंच एकदा जसंच्या तसं जाऊ दे. आणि अजून एक. रविवारी तुझं पत्र ऐकून झाल्यावर तुझ्या आईने डोळे उघडले आणि मला विचारलं, ग्लेंडा, ह्या पोरीचं खरं पत्र कधी येणार गं? ते खरं पत्र मला लिही. तिला वाचून दाखवताना काय टवटवीत करायचं, ते मी बघेन.

तुझीच,
ग्लेंडा