पहिली बॅच आपलीच

३ नोव्हेंबर, सोमवार

गप गं अवनी, आधी पूर्ण वाच. माझी डायरी चोरून वाचायची आणि वर माझ्याशीच वाद घालायचा, लहानपणापासून हेच चाललंय तुझं. मानेसर म्हणजे जंगल नाही. पीजीची खोली उन्हाची आहे, खाली आंटी गोभीचे पराठे देतात, कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येते. दिल्लीला घरी, करोल बागेत, दोघींत मिळून एक कपाट होतं ना? इथे अख्खं कपाट माझं. जळ.

कंपनीत आम्ही माणसाची प्रोटीन्स बनवतो. माणसाचं जीन बॅक्टेरियात घालायचं, ते बिचारे प्रोटीन बनवत बसतात, आपण ते गाळून साफ करून लॅबवाल्यांना पाठवायचं. संशोधनासाठी, औषध नाही. माझ्या वाट्याला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आलाय. तो डीएनएवर बसून कुठलं जीन चालू, कुठलं बंद ते ठरवतो. पेशीला सांगतो म्हण ना, की बाई तू कातडी आहेस, कातडीच राहा.

बॉस पद्मजा मॅडम, चक्क मराठी. इथली एक रीत मला फार आवडली. नवीन माणसाची पहिली बॅच त्याच्याच जीनची. मॅडमनी माझ्या गालात आतून कापसाची काडी फिरवली, मग स्वतःच्या हातानं पेढा भरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅच भन्नाट आली. मॅडम म्हणाल्या, इतकं तेज प्रोटीन फार कमी जणांचं निघतं. मोठ्या फ्रीजरमध्ये माझ्या नावाचा डबा लागला, स्वरूपा, जाड मार्करनं. शेजारी दोन रिकामे डबे आहेत, उन्मेष आणि शार्दूल. सोडून गेले म्हणे दोघं. ऑर्डरी धडाधड येतायत, पहिलं पार्सल काल गेलं.

आज बोटाला काच लागली. चांगली खोल चीर, पण रक्तच आलं नाही यार. थंडीनं असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चीर तशीच आहे. दुखत नाही, भरतही नाही. हनुवटीवरचा तीळ गेला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, हवा किती खराब आहे, मास्क लावत जा. घसा बसला, तर डॉक्टर म्हणाला पोल्यूशन. भुवया विरळ झाल्या, तेही पोल्यूशन. दिल्लीकडे या दिवसांत माणसाला काहीही होवो, नाव धुराचंच.

पण पार्सल गेलं की दुसऱ्या दिवशी माझं काहीतरी कमी होतं. दर वेळी. आता माझ्या कातडीला कोण सांगतंय, कातडीच राहा म्हणून?

१ डिसेंबर, सोमवार

मॅडमना सांगितलं, उरलेला डबा पाठवू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. डबा शनिवारीच संपला म्हणाल्या. परत गालात काडी फिरवली. कोरडी निघाली. परत फिरवली. कोरडी.

शार्दूल कोण होता, विचारलं. उन्मेषचा भाऊ, त्या म्हणाल्या. मग माझा हात हातात घेऊन, अगदी मायेनं —

"तुला बहीण आहे ना गं? एकाच घरातलं चालतं."

४ डिसेंबर, गुरुवार

हजेरीचं मशीन बोट घेत नाही. फोनची स्क्रीनही नाही. दाबते, दाबते, माझं बोट लागतच नाही तिला. आवाज तर गेलाच. आंटींकडे फोन मागायला खाली गेले. त्या म्हणाल्या, "किससे मिलना है?"

चिठ्ठी लिहून दाखवली. दार लावून घेतलं त्यांनी.

५ डिसेंबर, शुक्रवार

तुझा मेसेज. लॉक असलेल्या स्क्रीनवर दिसतोय.

"ताई, तुझ्या मॅडमचा फोन आला होता, ट्रेनी घेतायत! सोमवारी येते. आधी तुझ्याकडे बॅग टाकेन. कपाटात जागा कर, सगळं एकटीनं भरू नकोस."

नको येऊस. नको — उत्तर देता येत नाही. स्क्रीन विझली.

८ डिसेंबर

आरसा — सपाट. नाकाच्या जागी —

पेन नीट धरवत नाही.

तू खाली आहेस. आंटींशी हुज्जत घालतेयस, दीदीचा रूम कुठला म्हणून. किती जोरात बोलतेस गं.

मला बघून ओळखणार नाहीस. किंचाळशील, पळशील, आणि पळत मॅडमकडेच जाशील, अजून कुणाला ओळखतेस इथे? म्हणून मी मागच्या जिन्यानं — डायरी उशीवर. वाचशीलच तू.

आज वाद नको. एकदाच.

मॅडम गोड बोलतात. पेढा नंतर देतात. आधी तोंड उघडायला सांगतात.

पावलं —

अवनी, तू उघडू