फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.२०

गेल्या वर्षीच्या व्हिजिटर रजिस्टरची मागची पानं कोरी राहिली होती. वाया कशाला घालवायची? आजपासून त्यात स्वतःचं लिहिणार. ‘नाव, फ्लॅट, काम, वेळ’ असे रकाने आहेत, त्यांच्यावरून आडवं लिहितोय. गेट इन्चार्ज माणसाने नोंद ठेवलीच पाहिजे. (पगारपत्रकावर वॉचमन लिहितात. ती त्यांची जुनी पद्धत.)

कारण असं. मुंगीच्या शाळेत डॉक्टर येऊन गेले. मुंगी म्हणजे आमची लेक, पाचवीत आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. आता तशी राहिलेली नाही. दोन जिने चढली की धापा टाकते म्हणे. कागदावर लिहून दिलंय: ‘हालचाल फारच कमी. रोज किमान एक तास मैदानी खेळ.’ शाळेला मैदान होतं. तिथे आता बस उभ्या राहतात.

हिने, म्हणजे मुंगीच्या आईने, कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यात काळजीचं काय? आपण राहतो त्या सोसायटीत घसरगुंडी आहे, झोपाळे आहेत, बॅडमिंटन कोर्ट आहे, पळायला गोल ट्रॅक आहे. आपल्या दारापासून चाळीस पावलं. ही म्हणाली, आपण सोसायटीत नाही राहत, पंपरूमच्या मागे राहतो.

हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

ठरलं. महिन्याभरात मुंगी पळायला लागणार. लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर. रात्री ९.१०

सेक्रेटरी साहेबांशी बोललो. बॅरिअर वर करायच्या आधी बोललो, म्हणजे गाडी थांबलेली असते. टायमिंगला महत्त्व आहे. साहेब म्हणाले, ‘बघू.’ मग काच वर गेली.

इतरांना साहेब सरळ नाही म्हणतात. मला बघू म्हणाले. घरच्यासारखं मानतात, त्याचा हा फरक.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून आलेली, पाय पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, बघू म्हणजे नाही. हिला कमिटीची भाषा कळत नाही.

तसा आपला रेकॉर्ड चांगला आहे. खोली देताना कमिटीची एकच अट होती, मुलीचा त्रास होता कामा नये. त्रास कसला? तीन वर्षं झाली, या आवारात एक मुलगी राहते हे निम्म्या लोकांना माहीत नसेल. शाळेतून येते, दार लावते, बसते. याला म्हणतात वळण.

९ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांचं होईपर्यंत रिकामं बसायचं नाही. दोरीच्या उड्या सुरू केल्या. खोली दहा बाय आठ, त्यात पलंग, शिलाई मशीन आणि आम्ही. पहिल्या फेरीत दोरी बल्बला लागली. दुसऱ्या फेरीत वरच्या फ्लॅटमधल्या मावशींचा इंटरकॉम आला, खाली काय कुटताय?

उपाय लगेच काढला. दोरी बंद. गादीची घडी घालून तिच्यावर उड्या मारायच्या, दोरी आहे असं समजून हात फिरवायचे. अजिबात आवाज नाही. मुंगीने चाळीस मारल्या. मग म्हणाली, बाबा, आता मोजायचं पण मनातच का? मी म्हटलं, हो, तेच बरं.

१३ नोव्हेंबर. रात्री १०

कॉलेजच्या दोन मुली आल्या, सर्व्हेसाठी. कुठल्या घरातली मुलं दिवसात किती हालचाल करतात ते मोजतायत. कमिटीची परवानगी होती, मी तपासली. सोसायटीतल्या मुलांच्या मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधला, सात दिवस ठेवायचा. पावलं आपोआप मोजली जातात.

मी म्हटलं, आमचीही एक आहे. त्यातली चष्मेवाली मुलगी खूश झाली. म्हणाली, काका, आम्हाला सगळ्या प्रकारची घरं हवीच आहेत. फॉर्म भरला. घराजवळ खेळायला जागा आहे का? आहे. किती लांब? चाळीस पावलं. तिने मान वर करून पाहिलं आणि हसली. रोज किती वेळ खेळते? दोन तास, म्हटलं. थोडं पुढचं सांगितलं. होणारच आहे तर आत्ताच लिहून टाकलेलं बरं.

मुंगीला पट्टा फार आवडला. झोपतानाही काढला नाही. हात उशीवर ठेवून झोपली.

२० नोव्हेंबर

पट्टे गोळा करायला चष्मेवाली एकटीच आली. गेटवरच्या टेबलावर एकेक पट्टा लॅपटॉपला लावून बघत होती. बी विंगमधल्या जुळ्यांची पावलं रोज चौदा हजार. मुंगीचा पट्टा दोनदा लावला. मग हळूच म्हणाली, काका, हा पट्टा काढून कपाटावर ठेवला होता का?

मी म्हटलं, हो. पोरं ऐकतात का?

ती म्हणाली, हरकत नाही, असं होतं, मग हिची माहिती धरत नाही. फार समजूतदार मुलगी.

हे हिला सांगायचं कारण नव्हतं. तरी सांगितलं. ही इस्त्री केलेले माझे युनिफॉर्मचे कपडे घडी करत होती. केलेली घडी मोडून तिने परत केली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या भिंतीवरून बाहेरची पोरं बागेत येतात अशी तक्रार आली. साहेबांनी मला शिट्टी दिली, नवी, स्टीलची. आणि बोर्ड लावायला सांगितला. मी दोरा धरून सरळ रेषेत लावला. एक सूतही इकडे तिकडे नाही.

बोर्डावर आहे: ‘बाग फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी.’

लावून झाल्यावर दोनदा वाचला. रहिवासी म्हणजे जो राहतो तो. आम्ही राहतो. म्हणजे साहेबांचं ‘बघू’ ते हेच. तोंडाने न बोलता लेखी दिलं.

हिला म्हटलं, रविवारी मुंगी बागेत जाणार. ही म्हणाली, परत विचारलंत का? मी म्हटलं, लेखी आल्यावर कोण विचारतं?

३० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.४५

बूट आणले. पांढरे, एक नंबर मोठे, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतील. मुंगी ते घालून पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत चालत राहिली. ही म्हणाली, पुरे आता, झिजतील. पण म्हणताना हसत होती.

मुंगीने विचारलं, बाबा, तिथे कुणी विचारलं, तू कोण, तर? मी म्हटलं, खरं सांगायचं. माझे बाबा इथे गेटचे इन्चार्ज आहेत. आणि मी असणारच आहे समोर. कुणी काही बोललं तर मी बघतो.

तिने मान हलवली. मग मनातल्या मनात पाठ करत बसली. ओठ हलत होते.

१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६.३०

मुंगी ५.५१ ला बागेत गेली. ६.०२ ला बाहेर.

नीट लिहितो.

आधी झोपाळ्याच्या खांबाला धरून उभी होती. मग जुळी मुलं पकडापकडी खेळत ट्रॅकवरून गेली आणि मुंगी त्यांच्या मागून पळाली. कुणी बोलावलं नव्हतं, पण पळाली. मी गेटवरून बघत होतो. तिला पळताना मी कधी पाहिलेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं. हात जरा जास्तच हलवते. बूट फटफट वाजत होते. एक फेरी झाली, दुसरीत तिने तोंड वर केलं आणि हसली, कुणाकडे न बघता. अशी हसते हे माहीत नव्हतं.

इंटरकॉम वाजला. साहेब. म्हणाले, बाहेरची एक मुलगी आत आलीय, पांढऱ्या बुटांची, तुझं लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, यस सर.

बागेत गेलो. बाकावर तीनचार बायका होत्या. साहेबही खाली आले. मी शिट्टी वाजवली. सवयीने वाजली. सगळी मुलं जागच्या जागी थांबली, मुंगीसुद्धा. तिचं तोंड लाल झालं होतं, धाप लागली होती. साहेब तिला म्हणाले, तू कुणाची गं?

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. साहेब परत म्हणाले, कोण आहे ही? ओळखतोस का? बाकावरच्या बायका बघत होत्या. मुंगी बघत होती.

मग ती म्हणाली, ‘सॉरी वॉचमनकाका, मी जाते.’

आणि गेली. पंपरूमकडे नाही. सरळ मेन गेटमधून बाहेर रस्त्यावर, जणू तिकडेच कुठेतरी घर आहे. साहेब म्हणाले, असं वरचेवर होता कामा नये. यस सर, म्हटलं.

सात मिनिटांनी ती मागच्या गल्लीतून भिंतीला वळसा घालून खोलीत आली. दार आवाज न करता लावलं.

२ डिसेंबर

कालच्या प्रकाराचा शांतपणे विचार केला. मुंगीने प्रसंगावधान दाखवलं. माझ्यावर गेलीय. एवढ्या लोकांसमोर विषय वाढवणं बरोबर नव्हतं. नोकरी गेली तर खोलीही जाते, हे तिला न सांगता कळतं. मी बोलणारच होतो, तिने वेळच दिला नाही.

हिला काही कळलेलं नाही. काल रात्री जेवताना तिने विचारलं, खेळलीस का गं? मुंगी म्हणाली, हो, खूप.

४ डिसेंबर

साहेबांना सांगायचं ठरवलं. ते घाईत होते.

५ डिसेंबर

साहेब मोबाइलवर बोलत होते. जबाबदार माणूस वेळ बघून बोलतो.

६ डिसेंबर

पाठ दुखत होती.

८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ८

आज सांगितलं. लिफ्टजवळ गाठलं साहेबांना. म्हटलं, साहेब, त्या दिवशीची मुलगी माझी.

साहेब लिफ्टचं बटण दाबता दाबता वळले. म्हणाले, ‘तुझी मुलगी? मग तेव्हाच का नाही बोललास? मी काय खाणार होतो तुला?’ रागाने नाही, खरंच नवल वाटून म्हणाले. मग म्हणाले, दुपारी दोन ते तीन येऊ दे तिला रविवारी, तेव्हा बाकीची मुलं नसतात.

परवानगी मिळाली. इतकं सोपं होतं.

पळत खोलीवर गेलो. हिला सगळं सांगावं लागलं, त्या रविवारचंही. ही ऐकता ऐकता खाली बसली. मुंगीला म्हटलं, चल, पुढच्या रविवारी दोन वाजता, मी स्वतः सोडतो. ती वहीत समास आखत होती. म्हणाली, नको. मी म्हटलं, अगं, साहेबांनी हो म्हटलंय. म्हणाली, अभ्यास आहे. आधी ओरडलो. मग विनवणी केली. ही म्हणाली, राहू द्या तिला.

शेवटी विचारलं, त्या दिवशी मला काका का म्हणालीस?

तिने पट्टी बाजूला ठेवली. म्हणाली, ‘तुम्ही काहीच बोलत नव्हता. मला वाटलं, मी तुमची आहे हे तुम्हाला सांगायचं नसेल.’

यावर मला पुष्कळ उत्तरं होती. नोकरी, खोली, टायमिंग. गेटवर परत आल्यावर दीड पान लिहिलं आणि फाडलं. एवढंच ठेवतो.

तिला तसं वाटलं. तिचं चुकलं नव्हतं.