आधी तुले, मग मले

उंद्री,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय संजीवनी,

आज सकाळी नळ आला. पाणी भरलं, तूर वाळत घातली, दुपारी रवीचे कपडे धुतले. आता चहा झाला आहे.

रवी गेल्यावर त्याच्या जलदान विधीला तू धाडहून हरिओमला घेऊन आलीस, बरं वाटलं. आपले हे दोघे भाऊ एकाच विशेष शाळेत होते, म्हणून तर तुझी-माझी ओळख. हरिओम रवीच्या फोटोसमोर किती वेळ बसला होता. पण येताना आमच्या पायऱ्यांवर त्याला दम लागला, ते मनातून जात नाही.

रवीला गावात कोणी नाही म्हणत नसे. बाजाराच्या दिवशी भज्यांच्या गाडीवरून बेबीताई हाक मारायच्या, "ये बे रवी, गरम हायेत." मी नको म्हटलं की मलाच ऐकवायच्या, "खाऊ दे वं बाई, त्याले दुसरं सुख काय हाय?" प्रेमच होतं ते. पण छातीत दुखलं तरी रवी पोट दाखवायचा. चालताना थांबला की लोक म्हणायचे, आळशी झाला. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचा हृदयाचा आजार पुष्कळदा उशिरा कळतो. ते सांगतील म्हणून वाट पाहू नका, तपासत राहा.

पण बीपीचा पट्टा पाहिला की रवी खाटेखाली शिरायचा. एकदा मी तो माझ्याच दंडाला बांधला. पट्टा फुगला तसा हसायला लागला. म्हणाला, "ताई, बांगडी." मग रोजचं ठरलंच, "आधी तुले, मग मले." गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, संध्याकाळी आम्ही फाट्यापर्यंत चालायला लागलो. चांगली वर्षं मिळाली गं. गेला तोही झोपेत, शांत.

पायऱ्यांवर तू म्हणालीस, "जाडा झाला, दुसरं काय." रवीबद्दल मीही हेच म्हणायची. म्हणून हे पत्र. उद्या आमच्या गल्लीतला शेखर तिकडे येतो आहे, त्याच्याजवळ रवीचं बीपीचं यंत्र देते. हरिओमला या आठवड्यात डॉक्टरांकडे ने. त्याआधी घरी त्याची पट्ट्याची भीती जाऊ दे. आधी तू बांध. यंत्र चालतं का ते आत्ताच पाहिलं. दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, हवा जाईपर्यंत बसून राहिले. मग पट्टा सोडला आणि सवयीने शेजारी, रवीच्या जागेकडे धरला. थोड्या वेळाने गुंडाळून डब्यात ठेवला.

तुझीच,
सुवर्णा