वॉल्टरचं अर्धवट रॉकेट

अँटवर्प बंदर,
दि. ९ फेब्रुवारी १९९७

प्रिय फिलू,
स. न. वि. वि.

तुझं जानेवारीचं पत्र कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फिरत फिरत काल हाती पडलं. आईचा गुडघा बरा आहे आणि आपल्या हिनाचा दहावीचा अभ्यास रडतखडत का होईना चालू आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे थंडी अशी की इंजिनरूममधून डेकवर आलो की कान जागेवर आहेत ना, हे चाचपून बघावं लागतं.

बंदराजवळ खेळण्यांचं एक दुकान सापडलं. त्यात एक अख्खी भिंत मॉडेल रॉकेटची! कागदी नळ्या, हलक्या लाकडाचे पंख, रंगांच्या इवल्याशा बाटल्या. दुकानातल्या म्हातारीने विचारलं, मुलासाठी हवंय का. मी म्हटलं, नाही, बायकोला छळायला हवंय. ती इतकी हसली की तिने एक ब्रश मला तसाच दिला.

मग उभ्या उभ्या आपलं पहिलं उड्डाण आठवलं. पंच्याऐंशी साल असावं. कळंबच्या समुद्रकाठच्या वाळूवर अर्धं वटार गाव जमलं होतं. रॉकेट वर गेलं झकास, पण पॅराशूट उघडलं नाही आणि ते नाकावर येऊन आपल्या गावच्या निकोलसच्या ताडात अडकलं. झाड आपलं म्हणजे रॉकेटही आपलं, असं म्हणत त्याने ते पुढच्या रविवारपर्यंत अडवून ठेवलं होतं. त्यानंतरचं पॅराशूट तू गाऊनच्या अस्तराचं शिवलंस. पुढे एकही रॉकेट आपटलं नाही.

कपाटावरचं अर्धवट रॉकेट सांभाळ. नाक मी आपल्या बांधावरच्या पांगाऱ्याचं कोरलंय, तसं पुन्हा जमेल न जमेल. पंख कापायचे राहिलेत, रंग राहिलाय. डिसेंबरात आलो की पहिलं काम तेच. आईला नमस्कार, हिनाला पापा.

लोभ आहेच, त्यात भर घालत राहा.
तुझा,
वॉल्टर


डर्बन,
दि. २५ मे १९९७

प्रिय फिलू,
स. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. हे सॅन्टन लिहितोय, आमचा कुक, आपल्या निर्मळचाच. माझा हात जरा मुरगळलाय, म्हणून मी सांगतो आणि तो लिहितो. त्यामुळे खासगी काही लिहिता येत नाही, एवढीच अडचण.

इकडे सर्व ठीक. काम हलकं दिलंय, स्टोअरमध्ये बसून सामानाचा हिशेब ठेवतो. जेवण चांगलं आहे. (हे वाक्य सॅन्टनने स्वतःच घातलं आहे.)

एक काम कर. कपाटावरचं रॉकेट आणि माझ्या पेटीतलं सगळं सामान, नळ्या, चाकू, पॉलिशपेपर, रंग, सगळं हिनाच्या शाळेला देऊन टाक. विज्ञानाच्या प्रदर्शनात कुणाच्या तरी कामी येईल. आता वय झालं. बिस्किटांच्या डब्यात दोन इंजिनं उरली आहेत, ती मात्र कुणाला देऊ नकोस. बंदुकीच्या दारूची वस्तू आहे, मी आल्यावर बघेन.

कळावे. लोभ असावा.
वॉल्टर


वटार,
दि. २२ जून १९९७

प्रिय वॉल्टर यांना,
फिलोमिनाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं तेव्हाच मला खटकलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी वय झालं म्हणणारा माणूस मागच्या सुट्टीत रॉकेटमागे धावताना चिखलात लोळला होता. पण मी मनाला समजावलं, की कंटाळला असेल.

आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पाचूबंदरचे बॅप्टिस्ट काका भेटले. त्यांचा पुतण्या तुमच्याच जहाजावर आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मोठ्या मायेने विचारलं, वॉल्टरच्या बोटांची जखम भरली का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्यांनीच सगळं सांगितलं. जड सामान ओढायच्या विंचच्या तारेत हात सापडला, उजव्या हाताची दोन बोटं गेली, बंदरातल्या इस्पितळात टाके घातले. मी मान डोलावत ऐकलं, घरी आले, केळीच्या बागेत पाट बघायला जाते असं आईंना सांगितलं आणि तिथे बसून मनसोक्त रडले.

आता रडून झालंय. मुरगळला म्हणे! सॅन्टनलाही सांगा, त्याच्या आईची आणि माझी दर आठवड्याला बाजारात गाठ पडते.

मला राग बोटांचा नाही. मला वगळून तुम्ही एकट्याने दुखणं काढलंत, त्याचा आहे. सोळा वर्षांच्या संसारात तुमचे वर्षाचे दोन महिने घरात आणि बाकीचे कागदावर. त्या कागदावरही तुम्ही खरे नसाल तर माझ्याकडे उरलं काय?

रॉकेट मी शाळेला देणार नाही. मघाशीच ते खाली काढलं. नळीवरची धूळ पुसली. पंखांच्या लाकडाचा एक कोपरा झुरळांनी खाल्लाय. पंख कसे कापायचे ते कळवा. लग्नाचे गाऊन बेतणाऱ्या बाईला लाकडाचे चार तुकडे कापता येणार नाहीत असं समजू नका.

आईंना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही ठरवा.

रागावले आहे, तरीही तुमचीच,
फिलोमिना


जहाजावरून,
दि. ३ ऑगस्ट १९९७

प्रिय फिलू,
स. न. वि. वि.

हे अक्षर माझं आहे. डाव्या हाताचं. एवढं पान लिहायला अख्खी दुपार गेली, तेव्हा हसू नकोस.

बॅप्टिस्ट काकांनी सांगितलं ते खरं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून गेली. दुखत नाही. पण सकाळी उठून शर्टाचं बटण लावायला गेलो की हात विसरतो आणि मग त्याला आठवतं. तुला कसं लिहू ते कळेना, म्हणून लिहिलं नाही. फिटरचा हात असा झाला, की माणूस स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजतो. पुढची खेप मिळेल की नाही, माहीत नाही.

रॉकेटचं म्हणशील, तर पंख घासताना लाकडाचा कागदाएवढा फरक मला याच दोन बोटांना कळायचा. डोळ्यांना कधीच कळला नाही. म्हणून म्हटलं, देऊन टाक.

पण तू कापणारच असशील, तर लाकडाच्या रेषा बघून काप. रेषा नळीपासून बाहेरच्या दिशेने जायला हव्यात. नळीला समांतर ठेवल्यास तर पहिल्याच उतरण्यात पंख मोडेल. आणि पंख तीन आहेत, चार नव्हे.

आईला मी आल्यावर सांगेन.

तुझा,
वॉल्टर


वटार,
दि. १४ सप्टेंबर १९९७

प्रिय वॉल्टर यांना,
फिलोमिनाचा स. न. वि. वि.

तुमचं डाव्या हाताचं अक्षर हिनाच्या पहिलीतल्या अक्षरासारखं आहे. मी हसले नाही. (थोडी हसले.)

पंख चारच केले. कारण ऐका. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, ती दुमडली, पुन्हा दुमडली, चार खुणा मिळाल्या. आयुष्यभर कापड असंच दुमडत आले. तिसरा भाग काढायला गेले की दरवेळी एक पंख शेजाऱ्याच्या अंगावर रेलायचा. लाकडाच्या रेषा तुम्ही म्हणालात तशाच ठेवल्या. पहिले दोन पंख वाया गेले होते, तुमचं पत्र यायच्या आधीच.

डिंक सुकेपर्यंत पंख सरळ राहावेत म्हणून टाचण्या लावल्या. आईंनी बघून विचारलं, झगा कुणाचा? रंग दिल्यावर तर गंमतच झाली. तुमच्या पेटीतला लाल रंग दगड होऊन बसलाय, म्हणून भिंतीचा उरलेला पांढरा ऑइलपेंट पातळ करून लावला, आणि वर निळी किनार. नायगावच्या नवरीच्या करवल्यांचे फ्रॉक शिवले ना, त्याच निळ्याची. ते खिडकीत वाळत होतं, तर आईंनी मोठ्या भक्तीने विचारलं, की ईस्टर एवढा लांब असताना पास्काची मेणबत्ती आतापासून कशी काय आणली. मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी कपाळावर क्रूसाची खूण करूनही घेतली होती.

हिना आता वसईच्या कॉलेजात जाते. घरी आल्यावर रोज सांगते, की आज अमुक वाडी गेली, आज तमुक ठिकाणी बिल्डिंगचा पाया खणतायत. तुमची रॉकेटं पडायची ती निकोलसभाऊंची पलीकडची भाताची खाचरंही आता भरणीखाली गेली. म्हणून वाटतं, कळंब मोकळं आहे तोवर उडवून घ्यावं.

आणखी काय तपासायचं ते लगेच कळवा.

तुमची,
फिलोमिना


सिंगापूर,
दि. १२ ऑक्टोबर १९९७

प्रिय फिलू,
स. न. वि. वि.

घाईत लिहितो, पत्र नेणारा एजंट खाली उभा आहे. ऑइलपेंट फार जड! तुझ्या निळ्या किनारीचं वजन रॉकेटपेक्षा जास्त भरेल. आत इंजिन बसव, रॉकेट बोटावर तोलून बघ, जिथे तोललं जाईल तिथे दोरी बांध आणि डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आलं तर नाकात वजन घाल. तसं न करता उडवलंस तर ते वर न जाता माणसांत घुसेल. बत्ती लांबूनच, माझी बॅटरी आणि वायर पेटीत आहे.

पण फिलू, उडवू नकोस. माझ्यासाठी थांब. डिसेंबर काही लांब नाही.

तुझा,
वॉल्टर


वटार,
दि. १० नोव्हेंबर १९९७

प्रिय वॉल्टर यांना,
फिलोमिनाचा स. न. वि. वि.

मी थांबले नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही आशेवर राहणार नाही.

अंगणात दोरी बांधून फिरवलं, तर शेपूट पुढे. तुमचं म्हणणं बरोबर होतं, रंग जड झाला. बॅप्टिस्ट काकांनी जाळ्याचं शिसं दिलं, ते ठोकून नाकात बसवलं. मग नाक असं पुढे राहिलं, जसं काही त्याला घाईच होती.

काल सकाळी मिस्सा झाल्यावर कळंबला गेलो. मी, हिना, निकोलसभाऊ आणि बघे. निकोलसभाऊंनी काठी घेऊन सगळ्यांना लांब उभं केलं, कुत्र्यांनासुद्धा. बटण मी दाबलं. वॉल्टर, इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या, पण ते बटणाखालचं थरथरणं तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. एक सूं आवाज झाला आणि रॉकेट सुरूच्या झाडांच्या कितीतरी वर. चारही पंख सरळ. जराही डगमगलं नाही. पॅराशूट उघडलं आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं, मोठ्याने, सगळ्यांदेखत.

मग ते समुद्राकडे निघालं. आम्ही धावलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा हिनाने मला धरून ठेवलं. लाटांच्या पलीकडे ते बसलं, थोडा वेळ पांढरं दिसलं, मग दिसेना. बॅप्टिस्ट काकांनी नंतर सांगितलं, सकाळचा वारा पान्याकडं जातो, दुपारी उडवायचं असतं, हे कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. तुम्ही नेहमी दुपारीच का जायचात, ते बारा वर्षांनी समजलं.

तुमचं पांगाऱ्याचं नाक गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण थांबले नाही याचं वाटत नाही. तुम्ही येऊन, हात खिशात घालून, माझ्या कामाकडे बघत बाजूला उभे राहिला असतात. ते मला सोसलं नसतं. आता कपाटावर काही नाही. आलात की पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, तुम्हालाही आणि मलाही.

रागवायचं असेल तर रागवा, पण ते लिहून पाठवा. गप्प बसू नका.

तुमची,
फिलोमिना


कोलंबो,
दि. ३ डिसेंबर १९९७

प्रिय फिलू,
सप्रेम नमस्कार.

रागावलो. तू लिहून पाठव म्हणालीस म्हणून लिहितो. पत्र वाचून डेकवर गेलो आणि अंधार पडेपर्यंत खाली उतरलो नाही. त्या नाकात माझ्या उजव्या हाताचं शेवटचं धड काम होतं, आणि माझ्या बायकोने वारा न बघता ते अरबी समुद्राला देऊन टाकलं! सॅन्टनने जेवायला हाक मारली, त्याच्यावरही खेकसलो.

दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागायला गेलो. कारण सांगावं लागलं, म्हणून सगळी हकीकत सांगितली. दोरी, शिसं, पास्काची मेणबत्ती. निकोलस कुत्र्यांना रांगेत उभं करतोय, इथवर आलो आणि मला हसू फुटलं. सॅन्टन तर चुलीशीच बसला. फिलू, मे महिन्यानंतर मी असा हसलो नव्हतो.

संध्याकाळी सुताराकडून प्लायचा पातळ तुकडा मागून घेतला. उजव्या तळव्याने पट्टी दाबून धरली, डाव्या हाताने चाकू चालवला. पंख कापला. एक कड केळ्यासारखी वाकडी आली. दुसरा कापला, तो कमी वाकडा. घासताना मात्र एक गोष्ट कळली. अंगठ्यालाही थोडंफार समजतं. शिकवावं लागेल. दोन्ही पंख शर्टांच्या घडीत ठेवलेत. उरलेले दोन तू काप. हो, चारच.

कंपनीने पुढच्या खेपेला स्टोअरकीपर म्हणून विचारलंय. हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. घरी येऊन दोघं ठरवू.

वीस तारखेपर्यंत मुंबईला उतरेन. एक मागणं आहे. आईला, हिनाला, निकोलसला, कुणालाच घ्यायला आणू नकोस. तू एकटी ये. हात आधी तू बघ, मग बाकीच्यांना दाखवू.

माया कमी पडू देऊ नकोस.
तुझा,
वॉल्टर