नावाआधीचं ‘डॉ.’

प्रिय अण्णा,

पीएचडीच्या प्रवेशाला हो की नाही, हे विद्यापीठाला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय आणि सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. भांडायला तुम्ही हवे होतात!

मी फिजिशियन असिस्टंट झाले तेव्हा तुम्ही अख्ख्या बालाजी घाटावर सांगत सुटलात, “आमची मधू डॉक्टर झाली!” किती समजावलं तुम्हाला! मी पेशंट तपासते, विचारपूस करते, पण शेवटचा शब्द डॉक्टरांचा. तुम्ही मान हलवायचात आणि पुढचा माणूस भेटला की पुन्हा तेच. स्वतः व्याकरणात पीएचडी केलेली, त्यामुळे नावाआधीच्या त्या ‘डॉ.’चं तुम्हाला कोण कौतुक!

वॉर्डात माझ्या पीएचडीवरून रोज वाद. माझ्याबरोबरचा आलोक म्हणतो, “कर लो दीदी, इज्जत मिलेगी, पढ़ा भी सकोगी.” आमच्यातल्या सर्वांत जुन्या रश्मीदीदी फणकारतात, “नाम बड़ा हो जाएगा, काम वही रहेगा.” मला दोघांचंही पटतं. मग करू काय?

खरी भीती वेगळीच आहे. परवा मुन्शी घाटावरचा एक नावाडी डॉक्टरांना म्हणाला, “हाँ साहब, दवा रोज खाते हैं.” डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तसा हळूच मला म्हणाला, “आप डॉक्टर नहीं हैं, तब बता रहे हैं. गोली तो हम कब की छोड़ दिए.”

अशी कितीतरी माणसं मला खरं सांगतात. उद्या मीही ‘डॉक्टर’ झाले, तर गप्प होतील का ती?

आणि मग तुम्ही आठवता. जिना चढताना छातीत दुखायचं, हे तुम्ही दूधवाल्याला सांगितलंत. तुम्ही हार्ट अटॅकनं गेल्यावर, तेराव्याला मला त्याच्याकडून कळलं. मला का नाही सांगितलंत अण्णा? रोज समोर बसून जेवत होतो ना आपण? राग येतो तुमचा, अजूनही येतो! त्या नावाड्याचं ऐकलं आणि लख्ख कळलं. मला मनापासून डॉक्टर मानणारे तुम्हीच होतात. म्हणून तर मलाही “सगळं ठीक आहे” म्हणालात.

उद्या मी होकार कळवणार आहे. माणसं डॉक्टरांपासून काय लपवतात आणि का, हाच विषय मागून घेणार आहे. पदवी मिळाली की कागदावर काय लिहायचं ते लिहोत. पण तुम्हाला शब्द देते, खाटेशी बसल्यावर मी सर्वांत आधी हेच सांगेन, “हम डॉक्टर नहीं हैं, बताइए.”

तुमची लेक,
मधू