कोरी सोडलेली खिडकी

प्रिय आई,

तुझ्या पाया पडते आणि आधीच सांगून टाकते, मी वेळेवर जेवते आणि खोली उबदार आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. बाबांचा गुडघा कसा आहे? खरं काय ते कळव.

आज आमच्या दुकानात फ्रेम करायला एक जलरंगातलं चित्र आलं. डोंगरमाथ्यावरचं जुनं शहर, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं आणि वळणं घेत वर जाणारी वाट. माणूस एकही नाही. मालक म्हणाले, "ओसाड दिसतंय." मी म्हटलं, "छे, गच्चीवर कपडे वाळतायत की."

अगदी वरच्या घराची एक खिडकी मात्र कोरी होती. मला वाटलं, रंग द्यायचा राहून गेला. मालक हसले. म्हणाले, "अगं, तो दिवा लागलाय. जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. तेही आधीच ठरवून. एकदा रंग चढला की उजेड परत आणता येत नाही."

म्हणजे त्या चित्रकाराने अख्खा डोंगर रंगवला, तो त्या खिडकीला सांभाळून. काच पुसताना मी तिथेच बघत राहिले. शेवटी मालक म्हणाले, "पुरे, काच झिजेल."

दादा सांगत होता, वहिनीने माझ्या खोलीत शिलाई मशीन मांडलंय. बरंच झालं, खोली नुसती पडून होती. आता कापडाचे गठ्ठेही येतील, येऊ देत. फक्त खिडकीखाली मी निजायचे, तेवढी जागा मोकळी सोडशील?

तुझी,
धाकटी