कोपऱ्यातला नारिंगी त्रिकोण

१२ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

संग्रहालयाने प्रदर्शनासाठी नानांची नऊ चित्रं निवडली. निवडणाऱ्या बाई शेवटच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. सगळे निळे-करडे चौकोन आणि कोपऱ्यात एकच नारिंगी त्रिकोण, हे धाडस तुमच्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं. शाळेत पोरांना प्रश्न विचारणारी मी, बाईंना म्हणाले, भावाला विचारून सांगते. नानांच्या हातात तेव्हा कप ठरत नव्हता, रेघ कशी ठरेल? तू त्यांच्याजवळ होतास. खरं काय ते कळव. खोकला अंगावर काढू नकोस.

माया आहेच.
ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोकला गेला. त्या चित्रातल्या रेघा माझ्या. लोकांच्या भिंती रंगवताना लावतो तीच चिकटपट्टी लावून कडा धरल्या. नाना खुर्चीतून रंग सांगायचे. एका करड्यासाठी अकरा वेळा डबा ढवळायला लावला आणि वर म्हणाले, की तू रंगारीच राहणार.

शेवटी तेवढा त्रिकोण उरला. नाना थांब म्हणाले आणि त्यांचा डोळा लागला. चित्र झालं म्हणून थांब, की रंग उद्या सांगतो म्हणून थांब, ते विचारायचं राहिलं. चौथ्या दिवशी ते गेले. चार महिने तो कोरा कोपरा बघवेना. मग एका दुपारी माझ्या मनाने नारिंगी भरला.

बाईंना सांगू नकोस. नानांची चित्रं रंगाऱ्याने केली म्हणतील.

आहे तसा लोभ राहू दे.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

रागावशील, पण मी सांगून टाकलं. रेघांचं बाईंना काही वाटलं नाही. रंग नानांचे, मग हात कुणाचा का असेना, म्हणाल्या. घोडं अडलं त्रिकोणापाशी. तो खरवडून कोपरा कोरा करू, मगच चित्र लावू, असं म्हणून त्यांनी संमतीचा कागद पुढे केला.

मी पेन उघडलं आणि सही न करताच पुन्हा टोपण लावलं. आठ चित्रं नानांची आहेत, हे तुम्हा दोघांचं आहे.

आठ लागली. नववं काल टेम्पोने माझ्याकडे आलं, बाहेरच्या खोलीत टेकवून ठेवलंय. रविवारी खिळा ठोकायला ये. किती उंचीवर, ते याही खेपेला कुणाला विचारू नकोस.

राग सरला की दोन ओळी टाक.
तुझी ताई